नऊ नंबरचा डबा

गंगाधर ठवरेंनी रायपूरच्या एका टॉकीजमध्ये एकतीस वर्षं पिक्चर चालवले. टॉकीज बंद पडली, दोन्ही मशीनं भंगारात गेली. तरी तात्यापारा मोहल्ल्यातल्या घरी टीव्ही लावला की त्यांची नजर पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात जायची. रीळ संपत आलं की तिथे एक गोल ठिपका येतो. तो दिसला की पुढचं रीळ लावलेलं दुसरं मशीन सुरू करायचं. खाली बसलेल्या माणसाला कळता कामा नये.

त्या रविवारी दुपारी मात्र त्यांची नजर पुन्हा पुन्हा मुलाकडे जात होती.

निरंजन नागपूरहून त्यांना न्यायलाच आला होता. महिन्यात दोनदा गॅस चालू राहिला. दुसऱ्यांदा शेजारच्या शेवंताकाकूंना वास आला आणि त्यांनीच त्याला फोन केला. मंगळवारचं तिकीट काढलेलं होतं. घराला कुलूप लावायचं होतं.

"मी बरा आहो," गंगाधर म्हणाले.

"तुमच्या लक्षात राहून नाही राहिलं, बाबा."

"मले? मले पिक्चरच्या पिक्चर पाठ आहेत."

गॅसचं त्यांना खरंच आठवत नव्हतं. पण हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं.

निरंजनबरोबर आलेल्या नात स्नेहलने मोबाइलवर काहीतरी शोधलं आणि टीव्हीवर लावलं. "आबा, यही वाला ना? सोलह हफ्ते चला था?"

तोच होता. चोर हिरो, सराफाची मुलगी हिरॉइन, एक हिऱ्यांचा हार, पांढऱ्या बुटांचा व्हिलन.

"सांगा मग पुढचं," निरंजन म्हणाला. हसतच म्हणाला, पण मोबाइल उलटा ठेवून नीट सरसावून बसला. गंगाधरांना कळलं, ही परीक्षा आहे.

"आता हॉटेलात सूटकेस बदलते."

सूटकेस बदलली.

"आता इन्स्पेक्टर शिंकते अन् हिरो टेबलाखाली."

इन्स्पेक्टर शिंकला. स्नेहलने टाळी वाजवली. इंटरव्हलपर्यंत एकही चूक नाही. निरंजनने चहा ठेवला, गॅस स्वतः बंद केला आणि बटण दोनदा तपासलं.

इंटरव्हलनंतर हिरो हॉटेलच्या मागच्या दाराने पळाला. कोपऱ्यात ठिपका आला. गंगाधरांचा उजवा हात मांडीवरून उचलला गेला.

"आता पोलीस स्टेशन. हिरो बँडवाल्याच्या कपड्यात, पायात एकच बूट."

पडद्यावर सराफाचं स्वयंपाकघर आलं. हिरो आचाऱ्याची टोपी घालून कांदे कापत होता.

"येईल आता," गंगाधर म्हणाले.

आलं नाही. एक म्हातारी आत्या आली. तिला त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं.

"आबा, ये कौन है?" स्नेहलने विचारलं.

त्यांना सांगता येईना. सोळा आठवडे, रोज चार शो. आणि ही बाई कोण? गॅसही असाच डोक्यातून गेला असेल. समोर असून न दिसलेला.

निरंजनने स्नेहलकडे पाहिलं. "राहू द्या, बाबा. होते असं. तिथं चांगले डॉक्टर आहेत."

त्याचा आवाज एकदम मऊ झाला होता. गंगाधरांना त्या आवाजाची जास्त भीती वाटली.

स्नेहलने रिमोट उचलला. "बंद कर दूँ?"

"नको. थांब."

पडद्यावर हिरॉइन तांदळाच्या डब्यात हात घालत होती. पत्र्याचा गोल डबा. झाकण वाजलं.

तो आवाज त्यांना माहीत होता.

"दयाराम," ते पुटपुटले.

"कोण दयाराम?" निरंजनने घाबरून विचारलं.

"माझा हेल्पर. अरे, चार शो वेळेत बसत नव्हते. मालक म्हणे, एक रीळ काढा. आम्ही विचारलं, कोणतं? तर म्हणे, कोणतंही. दयारामनं नऊ नंबर काढलं. पब्लिकनं एक दिवस विचारलं नाही. त्या रिळाच्या पत्र्याच्या डब्यावर बसून आम्ही सोळा आठवडे टिफिन खाल्ला."

विसरलेली गोष्ट माणूस अशीच रचून भरून काढतो, असं निरंजनला वाटत असावं. चेहऱ्यावर तेच होतं.

"मी रचून नाही सांगून राहिलो, पोट्ट्या. अकरा मिनिटाचं रीळ. सहा झाली. अजून पाच. ठिपका येईल, मग पोलीस स्टेशन."

"आणि नाही आलं तर?"

"तर मंगळवारी येतो मी. मुकाट्यानं."

निरंजनने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. हिरॉइनने डब्यातून हार काढला. उजेडात धरला. हळूच परत तांदळात पुरला आणि हिरोला म्हणाली, मीठ कमी आहे.

"यानी उसको पता था," स्नेहल पुटपुटली.

एक गाणं आलं. ते संपेना. निरंजन उठून उभा राहिला. गंगाधर कोपऱ्याकडे बघत होते, पापणी न हलवता. गाणं संपलं. व्हिलनची मोटार आली.

ठिपका.

हात उचलला गेला.

पोलीस स्टेशन. लाल कोट, सोनेरी झालर, पायात एकच बूट.

स्नेहल किंचाळली. निरंजन खाली बसला.

"गॅस?" तो म्हणाला.

"गॅस राहिला. दोनदा. तो माझाच दोष," गंगाधर म्हणाले. "ते मले खरंच नाही आठवत."

हे ते पहिल्यांदाच बोलले होते.

"मंगळवारी इथल्याच डॉक्टरकडे जाऊ," निरंजन म्हणाला. "तिकीट रद्द करतो."

"हव," गंगाधरांनी मान डोलावली.

मग ते स्नेहलकडे वळले. "शेवटी हिरॉइन म्हणते ना, मला पहिल्यापासून माहीत होतं. पिक्चर लागला तेव्हापासून तेहतीस वर्षं मले वाटे, लिहिणाऱ्यानं काहीही लिहिलं." त्यांनी चष्मा पुसला. "मागं घे. नऊ नंबर लाव. मघाशी नीट पाहिलंच नाही."