शिकंज्याचा सीन

पेंटरचा उजवा हात मोडला तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता. चौकटवाल्याच्या तळघरात बसून तो जुन्या चित्रांच्या नकला करायचा. नकला अशा, की मूळ चित्रकार उठून आला असता तर त्यानेही मुकाट्याने सही ठोकली असती. चौकटवाला त्या नक्कल म्हणूनच विकतो, असं पेंटर धरून चालला होता. एके दिवशी तो संग्रहालयात गेला, तर त्यानेच रंगवलेली नदीकाठची बाई तिथे काचेमागे, आणि खाली दोनशे वर्षांपूर्वीची तारीख.

परत येऊन तो म्हणाला, "उद्या जाऊन सगळं सांगतो मी."

 चौकटवाल्याने दाराला कडी घातली. त्याच्या भावाने पेंटरला मागून आवळला. चौकटीचे कोपरे दाबायच्या लोखंडी शिकंज्यात पेंटरचा पंजा कोंबून दोघांनी आळीपाळीने दांडा फिरवला. तीन बोटांचा भुगा झाला.

पेंटरने तरीही साक्ष दिली आणि दोघांना आत पाठवलं. मग डाव्या हाताने सरळ रेघ ओढायला शिकण्यात दोन वर्षं गेली. त्या दिवसांत थोरली बहीण त्याच्या शर्टाची बटणं लावून द्यायची. कुणी हाताचं विचारलं की पेंटर आपल्या मिशा वर ओढत सांगायचा, "काय सांगू, बोटं आत, मिशा वर!" लोक हसायचे, विषय मिटायचा. ताईला त्याने साक्षीच्या दिवशी कोर्टात येऊ दिलं नव्हतं, तिलाही एवढंच सांगितलं होतं.

पन्नाशी उलटल्यावर एक सिनेमाचा दिग्दर्शक त्याला शोधत आला. चार बावळट चोर संग्रहालय फोडतात आणि नेमकं खोटं चित्र पळवतात, असा विनोदी सिनेमा. एकाच चित्राच्या चौदा नकला हव्या होत्या, कारण दर वेळी ते कुणाच्या तरी डोक्यात घालून फाडायचं होतं. पेंटरला मजा वाटली. चहा पिताना दिग्दर्शकाने हाताचं विचारलं आणि पेंटरने नेहमीचा किस्सा सांगितला. या वेळी शिकंज्यासकट, दांड्यासकट.

सिनेमा लागला त्या पहिल्याच दिवशी दुपारच्या खेळाला बहीणभाऊ गेले. मध्यंतरानंतर तो सीन आला. गलेलठ्ठ दुकानदार दांडा फिरवतोय, बोटं कडकडतायत, प्रत्येक कडकडीला नकला करणाऱ्या चित्रकाराच्या मिशा इंच इंच वर चढतायत, मागे पिपाणी वाजतेय. थिएटर फुटायचं बाकी राहिलं. मागचा माणूस खुर्चीवर बुक्क्या मारत ओरडला, "अजून एक पीळ दे!" दोन बायका मात्र उठून निघून गेल्या.  पेंटरची नसलेली बोटं ठणकायला लागली.

बाहेर दिग्दर्शक लोकांच्या घोळक्यात उभा होता. "काय काका, जमला ना सीन?"

"कुणाला विचारून घातलास?"

"अहो, तुम्हीच तर हसत हसत सांगितलंत!"

भिंतीला सिनेमाचं पोस्टर टेकवून ठेवलं होतं, काचेच्या जाड चौकटीत. पेंटरने ते डाव्या हाताने उचललं आणि दिग्दर्शकाच्या टाळक्यात घातलं. काच खळ्ळकन फुटली. लोकांनी टाळ्या पिटल्या. जाहिरातीचाच प्रकार असणार, असं त्यांना वाटलं. दुसऱ्या फटक्याला चौकटीचा कोपरा भुवईत घुसला. तिसरा खांद्यावर बसला. दिग्दर्शक गुडघ्यावर आला, रक्त फरशीवर ठिबकलं, तेव्हा कुठे टाळ्या थांबल्या. "सोड रे, मरेल तो!" म्हणत ताईनेच भावाच्या दंडाला लटकून त्याला मागे ओढलं.

नऊ टाके पडले. डोळा थोडक्यात वाचला. पेंटरने न्यायाधीशांसमोर सगळं कबूल केलं, डोळ्याबद्दल माफीही मागितली. त्याला तीन महिन्यांची कैद झाली.

ताई भेटायला आली ती वर्तमानपत्रं घेऊन. जाळीपलीकडून तिने वाचून दाखवलं. एकाने लिहिलं होतं, हसून हसून पुरेवाट झाली. दुसऱ्याने लिहिलं होतं, मार खाणाऱ्यावर हसायला लावणारा असला विनोद नको. तिसऱ्याला चित्रं आवडली होती, सिनेमा नाही.

"तो सीन काढणार नाहीत म्हणे," ताई म्हणाली. "लोक तेवढ्यासाठीच जातात."



तिने पेपराची घडी केली. "मीसुद्धा इतकी वर्षं हसत आले रे. खरं काय झालं होतं ते सांग."

त्याने सांगितलं. कडीपासून सांगितलं. एकदाही हसला नाही.

"ओरडला नाहीस?" तिने विचारलं.

"ओरडलो ना."

"मग?"

"त्याच्या भावाने रेडिओ मोठा केला."