आक्कांचा तुकडा

सायकल भाड्याने देताना आक्का आधी मागच्या चाकाला अनवाणी पायाची टाच मारत. हवा किती आहे ते त्यांना टाचेलाच कळे. मग घंटी एकदा वाजवत, हँडल घेणाऱ्याच्या हातात देत आणि म्हणत, "सायकल धड हाय. तू बी धड परत ये."

आमच्या हेडमास्तरांनाही त्या हेच म्हणायच्या. फक्त 'तू'च्या जागी 'तुमी' यायचं.

तुम्ही छोट्या गावात शिकला असाल, तर शाळेसमोरचं असं एखादं पत्र्याचं दुकान तुम्हीही पाहिलं असेल. दाराला टांगलेले जुने टायर, पंक्चर शोधायला पाण्याने भरलेली लोखंडी पाटी, मडगार्डवर पांढऱ्या रंगाने नंबर घातलेल्या काळ्या सायकली. फरक इतकाच, की त्या पाटीपुढे बसलेली व्यक्ती नऊवारीचा काष्टा घातलेली पन्नाशीची बाई असायची. दुकान मूळचं त्यांच्या मालकांचं. ते गेल्यावर दीर म्हणाले, बायकांचं हे काम नाही, कुलूप लावा. आक्का म्हणाल्या, "चाकाला ठावं हाय व्हय, कोन फिरवतंय?" विषय तिथेच संपला. माहेरी कालव्याकाठी त्यांची माळव्याची, म्हणजे भाजीपाल्याची, शेती होती. वांग्यांच्या पाट्या सायकलला बांधून त्या लग्नाआधीपासून बाजाराला जायच्या, असं जुनी माणसं सांगत.

मी कळंबजवळच्या त्या हायस्कुलात रुजू झालो, ती नव्वद सालाच्या पुढची गोष्ट. मी सोमेश्वरनगरच्या बाजूचा. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलेलं नव्हतं. बारामतीला राहून मी पदवी घेतली आणि ती कागदाची सुरळी छातीशी धरूनच जणू गावात उतरलो. पहिल्याच दिवशी आक्कांनी विचारलं, "नवं सर व्हय? घरात आनी कोन शिकलंय?"

"कुणी नाही. मीच पहिला."

"मंजी वाट पाडली तुमी. आता बुजू दिऊ नका."

त्या वेळी मला ते नुसतं कौतुक वाटलं. आक्का वाट म्हणाल्या की त्यांना खरोखरची वाट दिसते, हे पुढे कळलं.

गावाच्या मागे मोठा माळ आहे. माळाच्या पलीकडे धनगरांची वस्ती. पूर्वी मेंढरं राखणारी ही घरं पाणी आल्यावर शेती करू लागली होती. वस्तीवर शाळा सातवीपर्यंत. आठवीला आमच्याकडे यायचं, तर रस्त्याने फार मोठा वळसा पडे. माळावरून जवळ होतं, पण तिथे होती ती मेंढरांची जुनी वाट. बाभळीचे काटे, सुटे दगड आणि मधे ओढ्याचा खडा उतार. मुलं कशीबशी येत. मुली सातवीनंतर घरी बसत.

त्या वर्षी सातवीच्या सहामाहीत मंगल नावाची मुलगी पहिली आली होती. तिचे वडील बिरूतात्या. उंच, अबोल माणूस. वस्तीवरची बाकीची घरं त्यांच्याकडे बघून चालायची. मी आणि आक्का त्यांना भेटायला गेलो. तात्यांनी चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पाठवतो. पर त्या वाटंनं पोरगी यकदा जरी पडली, तर शाळा बंद. मोडक्या हातापायाची पोरगी कुनाच्या दारात उभी करू मी?"

परत येताना आक्का माळावर थांबल्या. चाकात घुसलेला काटा उपसून त्यांनी माझ्यापुढे धरला. "पंक्चर काडून माजं पोट भरंल, सर. पर पोरींची शाळा न्हाय भरायची. वाट करावी लागंल."

"ग्रामपंचायतीत अर्ज देऊ या."

"द्या की. तवर आपुन करू."

आक्कांनी काय केलं ते सांगतो. चैत्रात गावची जत्रा असते. त्यांनी दवंडी देणाऱ्याला गाठून सांगायला लावलं, की औंदा जत्रेच्या दुसऱ्या दिवशी माळावरून सायकलींची शर्यत. जो शर्यतीत उतरेल, त्याने आधी वाटेचा एक तुकडा घ्यायचा. काटे काढायचे, दगड वेचायचे, मुरूम टाकून चोपायचा. आणि नियम एकच: ज्याच्या तुकड्यात कोणी पडेल, त्यानेच त्याला उचलायचं. मग तो स्वतः शर्यतीत सगळ्यांच्या पुढे का असेना. वर पुढच्या रविवारी येऊन आपला तुकडा नीट करून द्यायचा.

लोक हसले. पण जत्रेच्या आधीच्या रविवारी खोरी-घमेली घेऊन माणसं माळावर हजर झाली. आक्का पुढे चालत आणि झाडावरून झाडाकडे बोट दाखवून तुकडे वाटत. "ह्या बाभळीपासनं त्या बाभळीपतुर तुजं. तितनं त्या खडकापतुर सरांचं." वरचा, हिवराच्या झाडाजवळचा तुकडा त्यांनी स्वतःला ठेवला. ओढ्याचा उतार कोणी घेईना. तेव्हा बघायला म्हणून आलेल्या बिरूतात्यांकडे वळून आक्का म्हणाल्या, "तात्या, ही वाट तुज्याच मेंढरांनी पाडलेली हाय. ह्यो उतार तुजा."

"मी सायकल चालवत न्हाय."

"मेंढरं तरी कुठं चालवत व्हती? घे खोरं."

तात्यांनी खोरं घेतलं, आणि घेतल्यावर मात्र असं काम केलं, की बघत राहावं. दगडन् दगड उचलला, मुरूम चोपून पाटासारखा केला. फक्त उतार त्यांनी नाकासमोर सरळ खाली नेला. आक्का म्हणाल्या, "वळन घाल, तात्या. सायकल आवरायची न्हाय."

"माज्या बापाच्या मेंढरांनी हितं कवा वळन घेतलं न्हाय."

"मेंढराला चार पाय असत्यात."

"ज्येचा तुकडा त्येनं बघायचा, ह्यो नियम तुजाच हाय न्हवं?"

आक्का पुढच्या तुकड्याकडे वळल्या. शर्यतीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मात्र त्या बैलगाडीभर उसाचं पाचट घेऊन ओढ्यात आल्या आणि उताराच्या तळाशी त्याचा गादीसारखा थर पसरून गेल्या. मी विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "मानूस आयकत नसंल तर निदान मऊ पडू द्यावं."

शर्यतीला सगळं गाव माळावर. काळ्या जड सायकली, दुधाचे कॅन काढून ठेवलेल्या सायकली, एक तर टपालाची. शाळेचे शिपाई मामा माझ्याच तुकड्यात आडवे झाले. मी तिसरा होतो, सायकल टाकून मागे पळालो. मामा उठायची घाई करेनात. "सर, जरा नीट उचला," ते हळूच म्हणाले, "लोकं बघत्यात." तिथे माझी शर्यत संपली.

मंगल आक्कांच्या भाड्याच्या सायकलवर होती. पायडलवर जेमतेम पाय पोचत होते. ओढ्याच्या उताराला तिचा वेग वाढला, ब्रेक लागेना, आणि ती थेट पाचटात जाऊन पडली. सायकल एकीकडे, पोरगी एकीकडे. काठावर वस्तीची माणसं उभी होती. ती मंगलकडे बघत नव्हती, बिरूतात्यांकडे बघत होती. त्यांच्या एका शब्दावर वस्तीतल्या साऱ्या मुलींचं पुढचं ठरणार होतं. तोवर मीही उतारावर पोचलो होतो.

मागून आक्का आल्या. त्याही शर्यतीत होत्या. सायकल झाडाला टेकवली, पदराने तोंड पुसलं आणि विचारलं, "तात्या, तुकडा कुनाचा?"

तात्यांची नजर पोरीवर होती.

"कुनाचा हाय तुकडा?"

"माजा."

"मग उचल."

बिरूतात्या खाली उतरले. पोरीला उभं केलं, तिच्या केसांतलं पाचट काढलं, कोपर, गुडघे चाचपून बघितले. काही झालं नव्हतं. मंगल रडत नव्हती, पण वडिलांच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. तात्यांनी वर उताराकडे पाहिलं.

"वळन घालतो," ते म्हणाले.

जूनमध्ये मंगल आठवीच्या वर्गात पहिल्या बाकावर बसली. तिच्या मागोमाग वस्तीतल्या आणखी मुली आल्या.

आक्कांचं सगळंच बरोबर यायचं, असं समजू नका. पहिल्या वर्षी उत्साहाने आम्ही वाट इतकी रुंद आणि पक्की केली, की उसाचा हंगाम सुरू होताच ट्रॅक्टरवाल्यांना कारखान्याचा जवळचा रस्ता सापडला. महिनाभरात वाटेला गुडघाभर चाकोऱ्या. आक्का त्यांत उभ्या राहून स्वतःवरच हसल्या. "वाट चांगली केली ही चूक न्हाय. रुंद केली ही चूक." मग त्यांनी हिवराच्या झाडापाशी आपली सायकल वाटेच्या मधोमध उभी धरली, हँडलाच्या दोन्ही टोकांखाली जमिनीवर खुणा केल्या आणि त्या अंतरावर दोन मोठे धोंडे पुरून घेतले. सायकल जाईल, ट्रॅक्टर जाणार नाही. एक ट्रॅक्टरवाला भांडायला आला. "आक्का, ही काय रीत झाली? मी जायचं कसं?" आक्का म्हणाल्या, "ये की. दुकानात सायकल हाय, धड हाय." दुसऱ्या वर्षापासून त्याचा मुलगा शर्यतीत होता.

शर्यतीचं नाव हळूहळू बाहेर गेलं. एकदा बारामतीहून कॉलेजची पोरं आली. जाड टायरच्या, गिअरच्या सायकली, डोक्याला टोप्या, डोळ्यांना गॉगल. त्यातल्या एकाने नम्रपणे विचारलं, "काकी, प्रवेश फी किती?"

"दहा घमेली."

"काय?"

"मुरूम. खान तितं हाय, खोरं हितं हाय. च्या आदी पिता का नंतर?"

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं आणि गॉगल काढून ठेवले. संध्याकाळी तळहाताचे फोड एकमेकांना दाखवत ती आक्कांच्या ओट्यावर भाकरी खात बसली होती. पुढच्या वर्षी ती न बोलावता आली, घमेली स्वतःची घेऊन. गिअर कसे बदलतात ते आक्कांनी त्यांच्याकडून शिकून घेतलं आणि एक चक्कर मारून आल्या. "बरी हाय," म्हणाल्या, "पर लई इचारते. आता कुठला, आता कुठला."

मंगल दहावीला पहिल्या वर्गात पास झाली, त्या दिवशी आक्कांनी दुकान बंद ठेवलं नाही की पेढे वाटले नाहीत. त्या माळावर गेल्या आणि ओढ्याच्या वळणावर पावसाने सुटलेले दगड बाजूला करून आल्या. मी म्हटलं, तो तुकडा तुमचा नाही. "ठावं हाय," त्या म्हणाल्या. "तात्या आज पावन्यांत हाय. पोरगी पास झालीया न्हवं त्येची."

मग आक्कांना दमा लागला. धुळीतलं काम, पत्र्याचं दुकान. भिगवणला त्यांची भाची होती, ती येऊन घेऊन गेली. निघताना त्या एसटीच्या खिडकीतून मला म्हणाल्या, "सर, माजा तुकडा मोकळा पडंल. कुनाला तरी द्या." मी म्हणालो, तुम्हीच परत येऊन बघा. त्या हसल्या. माझा हात त्यांनी खिडकीच्या गजावर दाबून धरला आणि म्हणाल्या, "तुमी धड ऱ्हावा."

थंडीत भिगवणहून निरोप आला. आक्का गेल्या होत्या.

चैत्र आला. दवंडी दिली गेली. तुकडे वाटायला कोणी नव्हतं, पण ज्याला त्याला आपला तुकडा ठाऊक होता. हिवराजवळचा तुकडा कुणाला द्यावा, हे मला ठरवता येईना. आज देऊ, उद्या देऊ म्हणत राहिलो. शेवटी एक दिवस सकाळीच जाऊन मी तिथे गुपचूप एक घमेलं मुरूम टाकून आलो. मोकळा राहायला नको म्हणून.

शर्यतीच्या दिवशी कळलं, की प्रत्येकाने तेच केलं होतं. शिपाई मामांनी टाकलं होतं, ट्रॅक्टरवाल्याने टाकलं होतं, वस्तीच्या बायकांनी, बारामतीच्या पोरांनी. कोणी कोणाला बोललं नव्हतं, म्हणून चोपलंही कोणी नव्हतं. दोन धोंड्यांच्या मधे मुरमाचा एक भला ढीग उभा राहिला होता. सगळ्या वाटेवर आक्कांचा तुकडा सर्वांत वाईट झाला होता.

मंगल तेव्हा बारावीला होती. ती सगळ्यांच्या पुढे होती. ओढ्याचं वळण तिने सहज घेतलं, चढ चढून ती हिवराकडे आली. मागे गिअरच्या सायकली होत्या. ढिगाजवळ बिरूतात्या उभे होते, काठी आडवी धरून.

"पोरांनू, हितं पडू नका," ते म्हणाले. "उचलाया कुनी न्हाय."

मंगल उतरली. तिने चप्पल काढली, हँडल धरलं आणि सायकल हळूहळू ढिगावरून चालवत नेली. मागचा पोरगा उतरला. त्याच्या मागचा उतरला. कोणी कोणाला ओलांडलं नाही. हातात सायकली धरून एकामागे एक सगळे त्या धोंड्यांमधून गेले, आणि त्यांच्या पायांखाली तो मुरूम हळूहळू चोपला गेला.