आधी भैरवी

काशीराम बुवांचा डावा कान गिरणीतल्या साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, खडखडाटाने खाल्ला, आणि उजवा आता वयाने कुरतडायला घेतला होता. कानाच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या झिलाला, नितेशला, बाजूला घेऊन सांगितलं, "मशीन आहे तोवर थोडं ऐकू येईल. पुढे त्याचाही उपयोग राहील असं नाही. काय ऐकवायचं ते ऐकवून घ्या." बाई आपल्या सहज बोलून गेल्या. त्यांना काय माहीत, ह्या बापलेकांचं सगळं वाकडं ऐकण्या-ऐकवण्यावरूनच होतं.

काशीराम परब म्हणजे घाटकोपरच्या टेकडीवरल्या आमच्या मालवणी लोकांतले भजनीबुवा. गिरणी बंद पडली, पुढे वॉचमनचा डगला अंगावर आला, पण पेटी सुटली नाही. नितेश लहानपणी त्यांच्या बारीला, म्हणजे भजनाच्या बैठकीला, पखवाजावर बसायचा. हात असा, की म्हातारे म्हणत, बुवांनी ह्याला पोटात असतानाच बोल शिकवले. मग शाळेतल्या कुणी त्याच्या हातात गिटार दिली, आणि एका गणपतीत, गौळण ऐन रंगात आलेली असताना, हा मेला पखवाज तसाच लवंडून मुलुंडला कॉलेजातल्या पोरांचा बँड ऐकायला पळाला. बुवांनी उरलेली बारी नुसत्या झांजेवर ओढली. भैरवी म्हटली, पेटी झाकली, आणि त्यानंतर झिलाचं वाजवणं कधी कानावर पडू दिलं नाही. घरात गिटार निघाली की ते चपला घालून खाली जात. "रॉक म्हणजे फत्तर ना?" एकदा म्हणाले होते. "मगे डोक्यात घालूक बरो."

नितेशने ते शब्द उचलून बँडलाच दिले. काळो फत्तर.

आता नितेशच्याही मिशीत पांढरं आलंय. तो कांजूरमार्गला राहतो. वारा फिरला की कचऱ्याच्या डंपिंगचा वास घरात शिरतो, नि त्याची बायको श्वेता बोलता बोलता खिडकी लावून घेते. दिवसा लिफ्ट दुरुस्तीचं काम, हाताचं ग्रीस कधी पुरतं निघत नाही. उरल्या वेळात बेस गिटार. जाड तारांचं ते वाद्य वाजत असतं तोवर कुणाला ऐकू येत नाही, आणि थांबलं की गाण्याखालची जमीन गेल्यासारखी वाटते. गायचा देवदत्त. तो मुलुंडचा, विम्याच्या ऑफिसात वरच्या जागेवर. त्याच्या फ्लॅटमधल्या एका खोलीला आतून फोम लावलेला होता, तिथे ह्यांचा अल्बम कित्येक वर्षं शिजत होता. गाणी मालवणी. चाली सगळ्यांच्या मिळून. क्रम मात्र नितेशचा.

क्रमावर तो हटून बसला होता. आमच्याकडे बारी कशीही लावत नाहीत. आधी स्तवन, मग रूपाचा अभंग, मग गजर, गौळण, आणि शेवटाला भैरवी. भैरवी झाली की झाली. त्यावर ब्रह्मदेव येऊन बसला तरी पेटी उघडायची नाही. नितेशला पखवाज सोडून जमाना झाला, पण ही चौकट काही त्याच्या हाडांतून गेली नव्हती.

म्हणून पहिलं गाणं 'गाऱ्हाणं'. सुरुवातीला नुसती बेस, इतकी हळू की ऐकणाऱ्याने पुढे सरकावं. "जवळ येऊन बसला की मग त्याला हाणायचा," नितेश म्हणायचा. हाणायला 'साचेखातं' होतं. त्यात ड्रम असे की गिरणीत उभं राहिलेल्या माणसाला पायांखालची फरशी आठवावी. त्याच्या पाठी 'आवाठ', गावच्या वाडीवरचं हळू गाणं. तसं लेचंपेचंच. देवदत्त म्हणाला होता, काढून टाकू. नितेश म्हणाला, "एकटा ऐकलास तर लेचापेचाच. साचेखात्यातून भाजून ये नि मग ऐक. उन्हातून इलेल्या माणसाक माडाची सावलीय पुरता." मग 'डंपिंग', सगळ्यांत घाणेरडं, कर्कश, मधल्याच शब्दावर मान मुरगळल्यासारखं तुटणारं. त्यापुढे शांतता. एवढी लांब की बंद पडलं की काय म्हणून माणसाने फोनकडे बघावं. आणि त्या शांततेतून शेवटचं गाणं, 'येतंय'.

आमच्यात घरातून निघताना 'जातंय' म्हणत नाहीत, ते बोलणं मेलेल्याचं. निघणारा 'येतंय', म्हणजे 'येतो', म्हणतो. ते गाणं भैरवीत बांधलेलं, आणि त्याची सुरुवात पेटीवर होती. पेटी काशीराम बुवांची. भाता दुरुस्त करून आणतो, असं खोटंच सांगून नितेशने ती मुलुंडला नेली होती. तिचा एक सूर जरासा फुसकतो, तोही त्याने तसाच ठेवला. सगळा अल्बम त्या फुसकत्या सुरापर्यंत चालत जायचा. बापाने तिथवर यावं, आपली पेटी ओळखावी, आणि कळावं की शेवट कशाला म्हणतात ते हा पोरगा विसरलेला नाही. एवढंच नितेशला हवं होतं. बाकी जगाने ऐकलं तर ऐकलं.

डॉक्टरीणबाईंचं ऐकून तो घाटकोपरला गेला आणि बापासमोर बसला.

"बाबा, एक बारी ऐका माझी. एकदाच."

बुवांनी कानातल्या मशीनचं बटण चाळवलं. मग म्हणाले, "ऐकतंय. पुरी ऐकतंय. तुझ्यासारखो मधीच उठान जाव्‌चंय नाय."

टोमणा होता, पण होकारही होता. नितेशने दोन्ही घेतलं.

अल्बम ज्या रविवारी फोनांवर आला, त्या सकाळी त्याने स्वतःही तो ऐकला नाही. पहिल्यांदा बापाबरोबरच ऐकायचा, असं ठरवलेलं. श्वेता म्हणाली, "तपासून तरी बघ ना रे एकदा." तो म्हणाला, "काय तपासायचंय? मीच तर लावलाय." स्पीकर पिशवीत घातला आणि निघाला.

बुवा तयार होऊन बसले होते. धुतलेला सदरा, कपाळाला अष्टगंध, कानात मशीन. देवासमोर बारीला बसतात तसे, मांडी घालून. नितेशही समोर मांडी घालून बसला. त्याने स्पीकर त्यांच्या उजव्या कानाशी ठेवला, फोनवर बोट लावलं.

पेटी वाजली.

नितेशला वाटलं, फोनने घोळ घातला, गाणी उलटसुलट झाली. तो झटकन पुढे वाकला. बुवांनी हात वर केला.

"हात लावा नको."

"बाबा, ह्या नाय, ह्या चुकान..."

"गप बस मेल्या."

त्यांनी डोळे मिटले. तो फुसका सूर आला तेव्हा भुवई उचलली. "पेटी माझी," पुटपुटले. ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. मग देवदत्तचा आवाज आला, खाली बेस सरकली, शेवटी ड्रम समुद्रासारखे आले नि ओसरले. बुवांचा हात मांडीवर ठेका धरून होता. नितेश आयुष्यभर ज्याची वाट बघत होता ते समोर चाललं होतं, आणि त्याला ते थांबवायचं होतं. बारशाला बाराव्याचं पान वाढलं होतं कुणीतरी, आणि पाहुणा चवीने जेवत होता.

गाणं संपलं. बुवांनी हात जोडले, कपाळाला लावले, आणि उठले.

"बाबा, बसा. अजून आसा."

"भैरवी झाल्यावर काय आसता रे? टोप घासूचे."

"नाय ओ. ही शेवटची होती, ती पयली लागली. बाकीची आता..." त्याने पुढचं गाणं लावलं. 'गाऱ्हाणं'ची बेस घुमायला लागली, हळू, इतकी हळू की बुवांच्या उरल्या कानात ती पोचणंच शक्य नव्हतं. पेटीने कान आधीच भरले होते. पुढे सरकून ऐकायला आता कुणी बसलेलं नव्हतं.

बुवांनी मशीन काढून डबीत घातलं. रागाने नाही. बारी झाल्यावर टाळ पिशवीत घालतात तसं.

"मी पुरी ऐकलंय," ते मोठ्याने म्हणाले, मशीन काढल्यावर बोलतात तसे. "गाणा बरा आसा. पण तू भैरवी खय घालूची ता शिकूक नाय. बारी अर्धी टाकून गेललंस ना, म्हणान शेवट खय असता ता तुका कधी कळूकच नाय."

नितेश ओरडला, "बाबा, माकाच कळता ता! माकाच!"

"काय?"

"माकाच कळता!"

"चाय घे," म्हणून बुवा मोरीकडे गेले.

तिथून तो तडक मुलुंडला गेला. देवदत्तने दार उघडलं ते हसतच. "अरे ये, ये! सकाळपासून फोन बंद होत नाहीये. 'येतंय' काय उचललंय लोकांनी, झकास!"

"क्रम कोणी फिरवला?"

"मी. ग्रुपवर टाकलं होतं ना. तू अंगठा दिलास."

नितेशने फोन काढून बोटाने मागे मागे सरकवलं. होतं. इंग्रजीतलं लांबलचक लिहिणं, आणि त्याखाली त्याचा पिवळा अंगठा. देवदत्त असं काही लिहायचा तेव्हा नितेश वाचत बसत नसे. अर्धं समजायचं नाही, आणि समजलं नाही हे दिसायला नको म्हणून अंगठा द्यायचा. सगळ्यालाच द्यायचा. त्याच्या आज्याने गावात असाच अंगठा देऊन आंब्याच्या कलमांची बाग घालवली होती. त्यावर नितेश जन्मभर हसत आला होता.

"अरे यार, असा काय बघतोस? लोक पहिलं गाणं अर्धं मिनिट ऐकतात. नाही पटलं की पुढे. तुझं 'गाऱ्हाणं' सुरू होईतो माणूस ठाण्याला पोचतो. आणि नाव बघ ना. 'येतंय'! एंट्रीच आहे ती."

"ता जातानाचा 'येतंय' आसा रे."

"माहीत आहे मला. पण पहिलं ठेवलं की ते येण्याचं होतं. शब्द तोच, अर्थ नवा. हीच तर गंमत."

देवदत्तचं म्हणणं खरं होतं. जागा बदलली की निरोपाचं आगमन होतं, हे नितेशइतकं कुणाला ठाऊक होतं? ह्याच गोष्टीवर तर तो हटून बसला होता.

"परत फिरव."

"आता? चाललेली गाडी? वेडा झालास का. कुणाला काही फरक पडतोय का सांग."

"बाकीची गाणी कोण ऐकतोय?"

देवदत्तने स्क्रीनकडे बघितलं, मग खिडकीबाहेर. "ऐकतील," म्हणाला. "हळूहळू."

कुणी ऐकली नाहीत. अंधेरीला एका बिअरच्या ठिकाणी त्यांना बोलावलं, तिथे सुरुवातच 'येतंय'ने करायला लावली. लोक उठून नाचले, फोन वर धरले, आणि ते संपल्यावर आपापल्या ताटाकडे वळले. पुढचा तासभर बँड वाजवत राहिला आणि नितेशला एकच दिसत होतं. टोप घासायचं चाललंय.

टेकडीवर बुवा सांगत फिरायचे, "झिलान एक गाणा केल्यान. एकच, पण बरा आसा." तीच काय ती शाबासकी. शेजारचे नितेशला विचारत, "एकच ना रे?" सुरुवातीला तो समजावून सांगायचा. पुढे नुसतं "होय" म्हणायला लागला. फोनवर त्याने आपल्यापुरता बरोबर क्रम लावून ठेवला होता. दोनतीनदा बापाकडे घेऊन गेला. बुवा म्हणाले, "झालेली बारी परत कोण लावता?" मग मशीनचाही उपयोग संपला, आणि तो विषय आपोआप मिटला.

माघात टेकडीवर सत्यनारायण होता. दुपारची भजनाची बारी. मंडळींनी मानाने काशीराम बुवांना पुढे बसवलं, शेजारी नितेश. बुवांना आता काहीच ऐकू येत नव्हतं. ते पखवाजवाल्याच्या हातांकडे बघून मांडीवर ठेका धरत होते, जरा मागे पडत, मग सावरत. स्तवन झालं, अभंग झाला, गजर, गौळण. भैरवी झाली. पखवाजवाला पाणी प्यायला उठला, बायका प्रसादाच्या द्रोणांकडे वळल्या, पोरं सतरंजीचं टोक ओढायला लागली.

भैरवी होऊन गेलेली बुवांना कळलीच नव्हती; ते बसूनच होते. हात मांडीवर, नजर समोरच्या रिकाम्या पखवाजावर. आता काय लागतंय, म्हणून वाट बघत.

खांद्याला हात लावून "झाली" एवढी खूण करायचं काम नितेशचं होतं. तो तसाच मांडी घालून बसून राहिला. सतरंजी ओढणारा पोरगा म्हणाला, "काका, बुवांना उठवा ना."

"ऱ्हवांदे," नितेश म्हणाला. "तेंका पुरी ऐकूची सवय आसा."