रुतलेली तार

तारमास्तरांचा धंदा घराघरांतून वायरिंग करण्याचा आणि छंद कुंडीतल्या बोन्साय झाडांना तार गुंडाळण्याचा. दोन्हीकडे हात सोन्याचा, पण जिभेला हाड नाही. घरात गिऱ्हाईक असो की पाहुणा, बायकोचा पाणउतारा केल्याशिवाय चहा त्यांच्या घशाखाली उतरत नसे. "हिला काही विचारू नका, हिच्या डोक्यातला फ्यूज लग्नाआधीच उडालाय," हे वाक्य इतक्यांदा बोलून झालं होतं, की नेहमीची माणसं ते सुरू होताच हसायला लागत. बायको ट्रे घेऊन उभी असायची आणि तीही हसायची. न हसून सांगते कुणाला? पाहुणे गेले की न हसण्याचीही झाडाझडती व्हायची.

या माणसाने आयुष्यात जीव लावला तो एका झाडाला. ऑस्ट्रेलियाचं पेपरबार्क. त्याची साल कागदाच्या पापुद्र्यांसारखी सुटते, त्यामुळे पोरसवदा झाडालाही म्हाताऱ्याचा तोरा येतो. काडेपेटीच्या काडीएवढं कलम मास्तरांनी मनगटाएवढं केलं होतं. इतर बोन्साय पाणी साचलं की कुजतात. हे मात्र दलदलीतलं, उन्हाळाभर कुंडी पाण्याच्या परातीत ठेवली की खूश.

बोन्साय मंडळाचा अध्यक्ष फर्निचरचा दुकानदार होता. एकदा तो सगळ्यांसमोर म्हणाला, "मास्तर, हे झाड नाही, झुडूप आहे. कितीही नटवलंत तरी झुडूपच." तेव्हापासून मास्तरांनी एकच ध्यास घेतला. यंदाच्या प्रदर्शनात हेच झाड मधल्या टेबलावर मांडायचं आणि अध्यक्षाची बोलती बंद करायची. सगळी मदार खालच्या उजव्या फांदीवर होती, कारण तिच्यावाचून ते झाड खरोखरच झुडूप दिसलं असतं. मास्तरांनी गॅसवर तांब्याची तार तापवून मऊ केली, फांदीला वेढे घातले आणि तिला हवी तशी आडवी वाकवली.

ही तार म्हणजे मोडलेल्या हाताचं प्लास्टर. फांदीने वळण धरलं की काढायची. राहिली, तर फांदी जाड होते आणि तार सालीत शिरते. पेपरबार्क उन्हाळ्यात भराभर वाढतं, आणि वरचे पापुद्रे आतलं सगळं झाकून ठेवतात. म्हणून मास्तर रोज सकाळी गच्चीवर जाऊन बोटाने पापुद्रा उचलून बघत.

आणि ऐन उन्हाळ्यात ते शिडीवरून पडले. मांडीचं हाड मोडलं. स्वतःचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, म्हणून दवाखान्यातून त्यांना तळमजल्यावर राहणाऱ्या बहिणीकडे नेलं. पाय मोडला, पीळ मोडला नाही. पडल्या पडल्या त्यांनी बायकोला बजावलं, "परातीत पाणी घालायचं. बाकी कशाला हात लावायचा नाही, तारेला तर मुळीच नाही. स्वतःची अक्कल वापरू नकोस, असलीच तर."

बायको रोज डबा घेऊन यायची. एके दुपारी डबा उघडता उघडता म्हणाली, "अहो, तार आत जायला लागलीय. पापुद्रा उचलून बघितलं मी. बोटात अंगठी घट्ट बसते ना, तसं झालंय. तुम्ही कापता तशी कापू का, एकेक वेढा?"

या उन्हात तसं होणार, हे मास्तरांइतकं कुणाला ठाऊक? पण समोर बहीण आणि मेहुणे बसले होते. बायकोचं खरं मानायचं, तेही मेहुण्यांसमोर?

"ऐकलंत?" ते मेहुण्यांना म्हणाले. "आता ही मला झाडं शिकवणार! अगं, साल तशीच दिसते त्याची. तारेला हात लावलास तर त्याच तारेने तुझे हात बांधून ठेवीन."

मेहुणे खो खो हसले. तिने फोनवरचा फोटो पुढे केला. "फोटो काढायलाही डोकं लागतं," म्हणत मास्तरांनी तो हाताने बाजूला सारला. तिने फोन पर्समध्ये ठेवला आणि भाजी वाढली.

त्यानंतर तिने तो विषय कधी काढला नाही. झाड कसं आहे विचारलं की म्हणायची, "पाणी घालते." जिरली हिची, असं वाटून मास्तर निश्चिंत झाले.

प्रदर्शन तोंडावर आलं तेव्हा कुठे ते घरी परतले. एका हातात काठी, दुसरा हात बायकोच्या खांद्यावर, असे जिने चढत थेट गच्चीवर. लांबून फांदी अगदी हवी तशी दिसली. मास्तरांचा चेहरा उजळला. मग जवळ जाऊन त्यांनी पापुद्रा उचलला.

तार दिसतच नव्हती. तिच्यावर फांदीचं मांस फुगून मिटलं होतं आणि टोकाची पानं तांबूस पडली होती. मास्तरांनी खाली बसकण मारून पक्कड मागितली. जो तुकडा ओढावा, त्याच्याबरोबर साल सोलून येई. बुंध्याजवळचा वेढा काही निघेना. त्यांनी जरा जोर लावला, आणि फांदीच हातात आली.

खोटं कशाला बोला, मास्तर रडले. नाक गळेपर्यंत रडले. मग गरजले, "तुला दिसलं नाही?"

"दिसलं."

"मग पुन्हा सांगितलं का नाहीस? मी काय मेलो होतो?"

"रोज बघायचे," ती म्हणाली. "पाणी घातलं की पापुद्रा उचलून बघायचे. कधीकधी पक्कडही आणायचे बरोबर. तार कालच्यापेक्षा आणखी आत गेलेली असायची."

"आणि?"

"आणि बरं वाटायचं."

तिचा आवाज चढला नव्हता. भाजी महाग झाल्याचं सांगावं, तसं तिने सांगितलं. मास्तरांना उठून तिच्या थोबाडीत द्यायची होती, पण कुणाच्या आधाराशिवाय त्यांना उठताच येत नव्हतं. तिने फांदीचे तुकडे गोळा केले, परातीत ताजं पाणी ओतलं आणि त्यांच्याजवळ येऊन खांदा पुढे केला.

"चला, धरा."

मास्तरांनी जिन्याकडे बघितलं. मग तिचा खांदा धरला.