पुडी न देणारे लेले डॉक्टर

लेले डॉक्टर कुणाच्याही पोल्ट्रीत आले की नमस्काराच्या आधी एक अंडं मागत, ते थाळीत फोडत आणि पांढऱ्याकडे बघत राहत. पांढरं पाण्यासारखं पसरलं, म्हणजे कळपात रोग, की त्यांचा चेहरा उतरे. पनवेलात हे जनावरांचे डॉक्टर ओळखले जात ते मात्र औषध न देण्याबद्दल. "औषधच नाही तर पुडी कसली बांधू? थापा मारायला मी शिकलो नाही," असं तोंडावर सांगत. लोक चिडून दुसरीकडे जात आणि कसली तरी रंगीत पावडर घेऊन येत.

विचुंब्यातली आमची भातशेती नव्या वसाहतीत गेली, तेव्हा उरलेल्या तुकड्यावर माझ्या सासऱ्यांनी पाचशे पिल्लं आणली. या वयात दुसरं करणार तरी काय होते? पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी स्वतः लस पाजली, पाण्यात दुधाची पावडर ढवळून; नाहीतर नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने लस मरते. तरी बाराव्या दिवशी पिल्लांचे गळे घरघरू लागले.

डॉक्टरांनी पिशवीतून एका मासिकातला फोटो काढला. "हा कोंबड्यांचा कोरोना विषाणू. अंगावर काटे दिसतात ना, ते प्रथिनाचे. त्यांनीच तो पेशीला चिकटतो. लस शरीराला काटा ओळखायला शिकवते. पण इथल्या विषाणूचा काटा बदललेला दिसतोय. आपण ओळख करून दिली एकाची, आणि आला दुसराच."

"मंग विलाज काय, डाक्टर?" सासऱ्यांनी विचारलं.

"नाही, आप्पा."

त्यांनी बर्फात घालून नमुने प्रयोगशाळेला पाठवले. उत्तर आलंच नाही.

बरीचशी पिल्लं वाचली, म्हणून आम्ही खूश. पाच महिन्यांत त्यांचे तुरे लालभडक झाले, अंड्यावर आल्याची खूण. रोज सकाळी कोंबड्या अंडी घालायच्या खोक्यात जाऊन बसत आणि अंडं न घालता तशाच उठत. शेवटी डॉक्टरांनी एक चिरून दाखवली. पोटात पिवळे बलक साचलेले. अंड्याची नळी त्या आजारात, पिल्लू असतानाच खराब झालेली.

"अंडा हाय, पन वाट नाय," सासरे म्हणाले आणि तिथेच उकिडवे बसून राहिले.

डॉक्टरांनी पिशवी उघडून एक पुडी बांधली. "पंधरा दिवस पाण्यातून द्या, आप्पा." मी मागे जाऊन चिमूटभर चाखली. ग्लुकोज होतं. फाटकापाशी डॉक्टर माझी नजर चुकवत म्हणाले, "आज खोटं बोललो, सूनबाई. आता कुठल्या तोंडाने कुणाकडे जाऊ?"

सासऱ्यांनी पंधरा दिवस ते पाणी पाजलं आणि सोळाव्या दिवशी सगळ्या कोंबड्या खाटकाला दिल्या. गाडी गेल्यावर मला म्हणाले, "ती साखर व्हती, मना ठाव हाय. पन डाक्टरचा तोंड बघवत नव्हता."

डॉक्टरांनी त्यानंतर काम सोडलं. मी त्यांना सांगायला जाणार होते. आज जाऊ, उद्या जाऊ म्हणत राहिले. पुढल्या उन्हाळ्यात ते वारले. आप्पांना आपण फसवलं, असंच समजून गेले.