सीत्सेचा आठवा तंबू

आमच्या शेजारच्या सीत्सेला गेल्या ऑक्टोबरपासून मी एकदाही खुर्चीत नीट बसलेलं पाहिलेलं नाही. उभा असतो, नाही तर फेऱ्या मारत असतो. एकतीस वर्षं त्यानं आमच्या कालव्यावरचा पूल वर-खाली केला. बोट आली की पूल वर, बोट गेली की खाली. आता तोच पूल लांब शहरात बसून कुणीतरी पडद्यावर बघत उचलतं, आणि इकडे भोंगा वाजला की आमचा सीत्से जेवण टाकून खिडकीकडे धावतो. त्याची बायको आउक्ये मला म्हणते, "तीनेके, माझ्या घरात नवरा नाही गं, कोंडलेला बोकड आहे."

उन्हाळा म्हणजे बोटींचा मोसम. त्यामुळे हे दोघं एकतीस उन्हाळे कुठे गेलेच नाहीत. बाकीची गल्ली तंबू, सायकली आणि घरचे बटाटे घेऊन निघून जायची. हे दोघं मागे राहून सगळ्यांची मांजरं सांभाळायचे. यंदा आउक्येनं ठरवलं, बस झालं. तंबूगाडी घ्यायची. म्हणजे चाकांवरची चपटी पेटी. गाडीच्या मागे अडकवायची, मुक्कामी पोचलं की झाकण उलटायचं. त्यातून पलंगही निघतो आणि तंबूही. अर्थात वापरलेलीच घ्यायची. नवी घेणाऱ्याबद्दल आमच्या गल्लीत काय बोलतात ते मला ठाऊक आहे, कारण ते बहुतेक मीच बोललेली असते.

सीत्सेनं सात तंबूगाड्या नाकारल्या. एकीला वास येत होता, एकीची शिवण विरली होती. इथवर ठीक. पण पाचवीच्या मालकाचा चेहराच म्हणे ह्याला पटला नाही!

आउक्येच्या बहिणीनं, गेस्केनं, स्पेनमधल्या हॉटेलात दोघींची खोली धरून ठेवली होती. शनिवारी संध्याकाळपर्यंत हो की नाही कळव, म्हणाली. त्या शनिवारी सकाळी मी बागेत गुडघाभर चिखलात असताना आउक्ये कुंपणाशी आली.

"चल आमच्याबरोबर. आठवी बघायला चाललोय. चारचौघांत नाही म्हणायला त्याला जरा जड जाईल."

"आणि म्हणालाच तर?"

"तर मी स्पेनला. तो इथे."

असल्या आमंत्रणाला मी पायातले गमबूटसुद्धा काढत बसत नाही.

तंबूगाडी होती द्रेन्थे प्रांतातल्या लांतिंग बाईंची. वय ऐंशीच्या घरात, आवाज हवालदाराचा. बाईंचा नवरा गेल्यापासून चार वर्षं तंबूगाडी कोठारात कोरडी पडून होती. बाईंनी ती हिरवळीवर उघडून ठेवली होती. आम्हाला कॉफी दिली, डबा फिरवून एकेक बिस्किट दिलं आणि झाकण घट्ट लावून टाकलं.

सीत्सेची तपासणी सुरू झाली. कोपऱ्याकोपऱ्यात नाक खुपसून वास घेतला. शिवणींवरून बोट फिरवलं. बुरशीचे काळे ठिपके शोधायला बॅटरी लावली. चेनी चारदा वर-खाली केल्या. माझा डॉक्टर माझ्यावर इतका वेळ घालवत नाही. ठिपका एक नाही, वास नाही, चेन लोण्यासारखी. सीत्सेचा चेहरा मात्र सुतकी.

"पाण्याचा पाइप आहे का?" त्यानं विचारलं.

"आहे की," लांतिंग बाई म्हणाल्या. "पण चार वर्षांत तंबूला पाणी माहीत नाही. आधी थोडा रडेल हं."

बाहेरून बाईंनी तंबूवर पाइप सोडला. आम्ही तिघं आत. पहिला थेंब नेमका माझ्या मानेत. मग दुसरा, मग टपटप टपटप. आणि काय सांगू, सीत्सेचा चेहरा उजळला!

"गळतोय! बघा! इथे, इथे पण!" असं म्हणत त्यानं छताला बोट लावलं. तिथून धारच लागली.

"हात काय लावतोस मेल्या!" आउक्ये ओरडली. "ओल्या तंबूला आतून हात लावू नये हे चार वर्षांच्या पोराला कळतं!"

"गळका तो गळका. चला." किल्ल्या त्याच्या हातात वाजायला लागल्या.

आउक्ये पलंगाच्या कडेवर बसली होती, ती हलली नाही. "सुती कापड आहे, सीत्से. सूत भिजून फुगलं की भोकं बुजतात. वीस मिनिटं लागतात. बस."

"आणि नाही थांबलं तर?"

"तर गेस्केला फोन करते. पण तुला वीस मिनिटं बसवत नाही, ह्याचं खापर तंबूवर फोडू नकोस."

तो दारात उभा. बाहेर बाईंचा पाइप सुरूच. मग खाली बघत म्हणाला, "सुट्टीवर जाऊन मी करू काय, आउक्ये? नुसतं बसायचं?"

"मला काय माहीत? मी तरी कधी गेलेय?"

ह्यावर माझ्याकडे निदान तीन टोमणे तयार होते. एकही काढला नाही. देव मला ह्याचं पुण्य देईल.

सीत्से बसला. गुडघा थडथड हलत होता, पलंग हलत होता, पलंगाबरोबर मीही. टपटप चालूच. मग दोन थेंबांमध्ये श्वास घेण्याइतकी जागा झाली. मग अख्खं वाक्य बोलता येईल इतकी. मग सगळं थांबलं. फक्त सीत्सेच्या बोटाची जागा ठिबकत राहिली. आउक्ये उठली. त्या ओल्या जागी बोट टेकवून तिनं ते कापडावरून खाली ओढत थेट काठापर्यंत नेलं. पाणी त्या रेघेनं निमूट खाली गेलं.

सीत्सेनं मान वर करून छत बघितलं. "वास नाही हं ह्याला," शेवटी म्हणाला.

बाहेर लांतिंग बाईंनी पाइप टाकून हात पुढे केला. गुरांच्या बाजारात करतात तसं तळहातावर तळहात आपटत तीन टाळ्यांत सौदा ठरला.

"आता वाळू दे दोन दिवस," बाई म्हणाल्या. "ओला घडी करून ठेवलात तर काळे ठिपके आलेच."

"मग पुढच्या आठवड्यात नेतो!" सीत्सेला सुटल्यासारखं झालं.

"घडी करायची आणि आजच उभा करायचा," आउक्ये म्हणाली. "तेवढ्यात काही होत नाही."

"कुठे उभा करणार? आपल्या अंगणात मावत नाही."

"तळ्याकाठी तंबूंचं मैदान आहे. इथून बारा किलोमीटर."

"अगं, दात घासायचा ब्रशसुद्धा नाही आणलेला!"

"मैदानावर दुकान असतं म्हणतात. बघू तरी खरं का ते."

माझी सोय कुणी विचारली नाही. बसच्या थांब्यावर मला चिखलाच्या गमबुटांसकट उतरवलं. मागे ओली तंबूगाडी ठिबकत होती, सीत्सेची बोटं स्टिअरिंगवर ताशा वाजवत होती, आणि आउक्ये खिडकीची काच खाली करून फोनवर बोलत होती.

"गेस्के, तुझ्या खोलीत दुसरी कुणीतरी बघ गं. नाही, भांडण नाही झालं. आमचा तंबू ओला आहे."