आप्पांच्या माडीवर बायकांची पुनव

म्युझियम हा शब्द मला लई उशिरा कळला. कळला तेव्हा म्हटलं, अगं बाई, मग मी तर निजामाच्या राज्यात, कळंबला, म्युझियमात काम केलंय! एकच संध्याकाळ केलं, ते सोडा.

आमच्या शेजारी एक आडते राहायचे. सगळा गाव त्यांना आप्पा म्हणायचा आणि त्यांच्या बायकोला आक्का. धान्य घालायला येणारे शेतकरी नांगरताना सापडलेलं काहीबाही त्यांना आणून द्यायचे. मातीच्या बाहुल्या, मणी, झिजलेली नाणी. आप्पांना त्याचा भारी नाद. दुकानाच्या माडीवरची ज्वारीची पोती हलवून त्यांनी फळ्या ठोकल्या आणि सगळं मांडून ठेवलं. बाजारादिवशी सांजच्याला गडीमाणसं वर जाऊन बघायची, पान खायची, गप्पा हाणायची. त्या काळी चार माणसं जमायची तर पोलिसांच्या अमीनसाहेबाच्या कानावर घालावं लागायचं. फुटकी मडकी बघायला जमतात म्हटल्यावर साहेबानं हसून सोडून दिलं म्हणे. बायकांनी मात्र खालून नुसता जिना बघायचा.

आक्कांनी टुमणं लावलं. शेवटी आप्पा म्हणाले, पुनवेला बायकांसाठी उघडतो, घरी जायला चांदणं असतंय. पण पोरंसोरं आणायची न्हाईत, आणि कशाला हात लावायचा न्हाय. "काय बिघडलं तर पुन्हा जिना चढायचा न्हाय, आताच सांगतो."

पोरं आणायची नाहीत, हे ऐकून माझा जीव असा हरखला म्हणता! मला तेव्हा दोन लेकरं, एक कडेवर, एक पदराला. त्या माडीवर सोन्याचा हत्ती असता काय आणि रिकामी पोती असती काय, मला सारखंच. लेकरं जावेपाशी टाकून घटकाभर मोकळं उभं राहायला मिळणार होतं, आणि तेही दर पुनवेला.

त्यातून मला अक्षरओळख होती, माहेरी भावाच्या पाटीत डोकावून शिकलेली. तेवढ्यावर आक्कांनी बायकांना माहिती सांगायला मलाच नेमलं. आप्पांनी आदल्या दिवशी एकेक वस्तू दाखवून सगळं समजावलं. मी मान हलवत होते आणि मनात एकच चाललं होतं, उद्या कुठलं लुगडं नेसू.

अडचण होती सासूबाईंची. आत्याबाई म्हणायची मी त्यांना. त्या म्हणाल्या, "तिन्हीसांजंला लोकाच्या माडीवर काय काम? मी येते आधी. बघते काय हाय ते. मग ठरवू, पुढच्या पुनवेला जायचं का चुलीपुढं बसायचं."

झालं! माझी परीक्षाच की.

पुनव आली. आता आक्कांनी बोलावलंय, तेही संध्याकाळी, नुसत्या बायकांना, म्हणजे हळदीकुंकूच असणार, असं सगळ्यांनी धरलं. कुणी करंडा आणला, कुणी खण, कुणी ओटीचे तांदूळ. मी माडीवर चढले आणि आप्पांचं सांगणं एक आठवेना. समोर आत्याबाई. गप्प बसावं तर माझी पुनव गेली. मग दिलं ठोकून.

"ही राणीची फणी."

"राणीला उवा होत्या व्हय गं?" एक म्हातारी म्हणाली.

चार पायांचा एक दगडी पाट होता. म्हटलं, "ह्याच्यावर राजा आंघोळीला बसायचा."

"एवढुशा पाटावर? राजा होता का राघू?"

बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडायला लागल्या. आत्याबाई काही हसल्या नाहीत. त्यांनी शेवटच्या फळीकडं बोट केलं. "आन त्ये फडक्याखाली?"

बायकांपुढं नको म्हणून आप्पांनी ते झाकून ठेवलं असणार. एवढी अक्कल मला कुठली? काढलं फडकं. मातीची बाई, बिनमुंडक्याची, उकिडवी बसलेली, अंगावर चिंधी नाही. आत्याबाईंचे डोळे हे एवढे! आता ह्या म्हणणार, असलं बघाया येतात व्हय गडी, आणि माझं जाणं कायमचं बंद. भीतीनं तोंडातून निघून गेलं, "देवी हाय, आत्याबाई. लई जागृत. लेकराबाळांची राखण करती."

हे मला कुणीही सांगितलं नव्हतं.

आत्याबाईंनी पदर डोक्यावर सारखा केला. "मग उभी काय राहतीस? कुंकू आन."

धडाधड करंडे उघडले. "अहो, हात लावायचा न्हाय!" मी ओरडतेय.

"हात कोण लावतंय? पाया पडतोय," एक जण म्हणाली.

गलका ऐकून आप्पा वर आले तोवर ती बाई लालपिवळी होऊन कमरेइतक्या तांदळात बसली होती. आप्पा आधी आक्कांना त्यांच्या घरच्या कानडीत बोलले. मला कानडी येत नाही, पण आक्कांच्या तोंडाकडं बघून सगळं समजलं. मग मराठीत म्हणाले, "जुन्या मातीत मुरलेलं कुंकू निघतंय का? झालं तुमचं बघणं. उद्यापासून जिन्याला कुलूप."

मी रडायच्या बेतात. तर आत्याबाईच पदर खोचून पुढं झाल्या.

"आप्पा, कुलूप कुणाला घालताव? देवीला? आता ओटी भरलीया तिची. दर पुनवेला कुंकू लागंल. आमी न्हाय आलो तर तुमी भरणार का ओटी?"

आक्का पदरात तोंड घालून हसत होत्या. शेवटी असं ठरलं, जिन्याच्या पायथ्याशी एक साधा दगड मांडायचा. कुंकू, तांदूळ, ओटी सगळं तिथंच, आणि वर जायचं ते रिकाम्या हातानं.

"चालंल," आत्याबाई म्हणाल्या. "देवी घेईल की खाली उतरून."

पुढच्या पुनवेला आम्ही गेलो, त्याच्या पुढच्याही. जिन्यावर सगळ्यांत पुढं आत्याबाई. आणि माहिती सांगायचं काम? ते माझ्याकडून गेलं. आत्याबाईच सांगायला लागल्या, माझ्याहून दणदणीत. त्यांच्या सांगण्यात त्या पाटावर राजा, राणी आणि दोन राजपुत्र एकदम आंघोळ करायचे. मी एकदा मधी बोलायला गेले तर म्हणाल्या, "तुला काय कळतंय? गप उभी ऱ्हा."

मी खिडकीशी गप उभी राहिले. कुणी मला हाक मारली नाही, कुणी काही मागितलं नाही. लई बरं वाटलं.